बदक शोधायचं तर आधी त्याचं जेवण शोधा

नवी दुर्बीण गळ्यात आली की माणूस सगळ्यात मोठ्या पाण्याकडे धावतो. मीही धावलो होतो. ऑक्टोबर महिना, उजनी काठोकाठ भरलेली. आम्ही दोघे मित्र पहाटे पुण्याहून निघालो आणि थेट धरणाच्या भिंतीजवळच्या अथांग पाण्याशी जाऊन बसलो. तीन तासांत चार पाणकावळे आणि एक घार. परतताना भिगवणला चहाला थांबलो, तर टपरीवर बसलेल्या एका म्हाताऱ्या मच्छीमाराने विचारलं, कुठं गेला होता? सांगितल्यावर तो हसला. "तिकडं काय खायला हाय त्यास्नी? निस्तं पाणी."

त्या एका वाक्याने मला पुढची दहा पुस्तकं वाचण्यापेक्षा जास्त शिकवलं. रानबदक पाण्यावर राहतं, पण पाण्यासाठी येत नाही. पाण्यात, पाण्याखाली आणि पाण्याच्या कडेला जे खायला मिळतं त्यासाठी येतं. ते कुठे आहे हे ओळखता आलं की बदक ओळखायला पुस्तक आहेच.

जुन्या शिकाऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं. राजस्थानातल्या भरतपूरचा प्रसिद्ध तलाव संस्थानिकांनी बदकांच्या शिकारीसाठीच बांध घालून, पाणी खेळवून तयार केला होता. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या मेजवानीत तिथे एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले; तो आकडा आजही तिथल्या दगडावर कोरलेला आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यात १९९१ साली झालेली दुरुस्ती यांनंतर आपल्याकडे परवाना काढून होणारी शिकारही संपली. त्यामुळे पुढे मी 'जागा' म्हणेन ती दुर्बिणीची आणि कॅमेऱ्याची. तर्क मात्र शिकाऱ्याचाच वापरायचा आहे.

आधी चोच बघा

बदकांची ढोबळ वाटणी त्यांच्या जेवायच्या पद्धतीवरून करा. रंग नंतर. थंडीच्या सुरुवातीला बरेचसे नर अजून मळकट पिसांतच असतात, आणि माद्या तर नवख्याला सगळ्या सारख्याच दिसतात. जेवायची तऱ्हा मात्र लांबूनही कळते.

एक गट उलटा होणाऱ्यांचा. डोकं पाण्यात, शेपूट आकाशात, पाय मारत तोल सांभाळतात. तलवार बदक, चक्रांग, भुवई बदक, गडवाल आणि आपलं बारमाही हळदीकुंकू बदक हे सगळे यातले. (हळदीकुंकू हे नाव किती नेमकं आहे! काळ्या चोचीचं टोक पिवळं, कपाळाशी लाल ठिपका.) ही मंडळी सहसा पूर्ण बुडी मारत नाहीत. मान जिथवर पोहोचते तिथवरचंच त्यांचं ताट.

दुसरा गट बुडी मारणाऱ्यांचा: लालसरी, मोठी लालसरी, शेंडी बदक. यांचे पाय शरीराच्या मागच्या बाजूला असतात, म्हणून जमिनीवर चालताना ती अवघडल्यासारखी दिसतात आणि उडण्याआधी पाण्यावर बरंच धावतात.

तिसरा गट चरणाऱ्यांचा. चक्रवाक आणि पट्टकादंब हंस काठावर, माळावर, शेतात गुरांसारखे चरतात.

आणि थापट्या वेगळाच. त्याची चोच फावड्यासारखी पुढे रुंद झालेली असते आणि तिच्या कडांना कंगव्यासारख्या बारीक पट्ट्या असतात. तो पाणी आत घेतो, बाजूंनी सोडतो, आणि त्यातले सूक्ष्म जीव, बारीक बिया गाळून खातो. कधी पाच-पंचवीस थापटे एकामागे एक गोल गोल फिरताना दिसले तर ते खेळत नाहीत. पुढच्याच्या पायांनी ढवळलेलं पाणी मागचा गाळून घेतोय.

घोटा, गुडघा, कंबर, पुरुष

आता पाण्याची खोली. मीटर-सेंटिमीटर विसरा, आपली जुनी मापं इथे चोख बसतात.

घोटाभर पाणी आणि ओला गाळ ही चक्रांग आणि भुवई बदकाची जागा. लव्हाळ्याच्या, गवताच्या गळून पडलेल्या बिया, चिखलातल्या अळ्या, छोटे शंख असं बारीकसारीक ते चोचीने टिपत जातात. इथे बदकांसोबत तुतारी, शेकाट्या असे चिखलपक्षीही दिसतील. गर्दी बघून गोंधळू नका. प्रत्येकाची चोच वेगळ्या खोलीवर काम करते.

गुडघाभर पाणी म्हणजे खरी पंगत. तलवार बदकाची मान लांब, त्यामुळे ते हातभर खोलीवरच्या बिया आणि कंद काढू शकतं. चक्रांगाला तिथे पोहोचता येत नाही. म्हणून एकाच खाडीत, म्हणजे काठात शिरलेल्या पाण्याच्या फाट्यात, चक्रांग काठाला आणि तलवार चार पावलं आत, अशी रांग लागते. गडवालला मऊ पानं आणि शेवाळ आवडतं. हळदीकुंकू जवळजवळ सगळं खातं: बिया, कोवळे कोंब, किडे, गोगलगायी.

कंबरभर ते पुरुषभर पाण्यात लालसरींचं राज्य. पण नुसती खोली पुरत नाही, तळाशी काहीतरी उगवलेलं हवं. मोठी लालसरी बहुतांशी शाकाहारी आहे. हायड्रिला, पाण्याखालची कुरणं, खरखरीत कारा शेवाळ हे तिचं मुख्य अन्न. या वनस्पतींना ऊन तळापर्यंत पोहोचावं लागतं, म्हणजे पाणी नितळ हवं. शेंडी बदक मात्र शंख-शिंपल्यांवर जास्त जगतं.

याच्याही पलीकडे, दोन-तीन पुरुष खोल आणि तळ अंधारात असलेलं पाणी, म्हणजे आमचं ऑक्टोबरातलं 'निस्तं पाणी'. तिथे बदक दिसलंच तर ते बहुधा झोपलेलं असतं. त्याबद्दल पुढे.

एक सोपी खूण सांगतो. वारकरी, म्हणजे तो काळा, पांढऱ्या कपाळाचा पाणपक्षी, मोठ्या संख्येने दिसला की थांबा. वारकरी बुडी मारून तळाची वनस्पती वर आणतो, आणि गडवाल शेजारी तरंगत वाट बघत असतो. वर आली की पळवायची. चोरी उघड असते, वारकरी चिडतो, पण पुन्हा बुडी मारतो. मी तर नवीन तलावावर गेल्यावर आधी वारकरीच शोधतो. ही दिंडी जिथे आहे तिथे पाण्याखाली हिरवं आहे एवढं नक्की, आणि मागोमाग बाकीचेही येतात.

पाणी उतरलं की ताट बदलतं

महाराष्ट्रातली बहुतेक मोठी बदकस्थळं ही धरणांचे फुगवटे आहेत. नैसर्गिक तलावाचं पाणी हळूहळू आटतं. धरणाचं कालवे सुटले की भराभर उतरतं. त्यामुळे गेल्या महिन्यातली उत्तम जागा या महिन्यात कोरडी माती असू शकते. कुणीतरी टाकलेला फोटो बघून दोन महिन्यांनी तिथे जाणाऱ्यांचा हमखास पोपट होतो तो यामुळेच.

ऑक्टोबरमध्ये धरण तुडुंब असतं. काठ बुडालेले, उथळ जागा थोड्या. भुवई बदक तेव्हा आलेलं असतं. पाहुण्यांमध्ये ते सगळ्यात आधी येणाऱ्यांपैकी आणि उशिरा जाणाऱ्यांपैकी. त्या दिवसांत मोठं धरण सोडा. गावाबाहेरचा पाझर तलाव, लव्हाळ्याने भरलेलं डबकं, भातखाचरं बघा. हळदीकुंकू बदकाची पिल्लं याच सुमारास आईमागे फिरत असतात, आणि पिल्लांना वाढायला किडे-अळ्याच लागतात, बियांवर ती वाढत नाहीत. म्हणून पावसाळ्याअखेर झुडपी, किडेमकोडे असलेल्या छोट्या पाण्यांना मोठ्या धरणापेक्षा जास्त किंमत.

डिसेंबर-जानेवारीत पाणी खाली सरकू लागतं आणि उघड्या पडलेल्या, नुकत्याच भिजलेल्या सपाट जमिनीवर पाण्याचा पातळ पदर राहतो. पावसाळ्यापूर्वी तिथे उगवलेल्या गवताच्या बिया त्या चिखलात दडलेल्या असतात. हाच काळ मोठ्या थव्यांचा.

नंतर येते गाळपेर. उजनीच्या, जायकवाडीच्या फुगवट्यात पाणी सरकलं की शेतकरी त्या मोकळ्या गाळात हरभरा, गहू पेरतात. पट्टकादंब हंस हिमालय ओलांडून येतात आणि या कोवळ्या पिकावर उतरतात, बहुतेक रात्री किंवा पहाटे. दिवसा पाण्याच्या मधोमध बेटावर विश्रांती. फोटो काढणाऱ्याला हे दृश्य म्हणजे पर्वणी. ज्याचं पीक आहे त्याला नाही. तुमच्या उत्साहात त्याच्या वाफ्यात पाय टाकू नका आणि त्याने हंसांना हाकललं तर त्याला उपदेश करू नका. आधी राम राम घाला, बांधावर उभं राहू का विचारा. रात्री हंस नेमके कुठे उतरतात हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

झोपायची जागा वेगळी, जेवायची जागा वेगळी

नवख्यांची सगळ्यात मोठी चूक इथे होते, म्हणून जरा थांबून सांगतो.

सकाळी अकरा वाजता पाण्याच्या मध्यावर हजारभर बदकं तरंगताना दिसली, माना पाठीत खुपसलेल्या. आपण वहीत लिहितो, 'इथे बदकं खूप'. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला त्याच जागी जाऊन बसतो. एकही नाही. कारण ती त्यांची झोपायची खोली होती. हिवाळ्यात अनेक बदकं दिवसा मोकळ्या, सुरक्षित पाण्यावर विश्रांती घेतात आणि अंधार पडू लागला की जेवायला निघतात. तलवार, चक्रांग, लालसरी यांचं बरंचसं खाणं रात्रीच चालतं. अडई या बदकाची तर दुपार झाडावर किंवा दाट गवतात जाते आणि संध्याकाळी शीळ घालत थवा भातशेतीकडे जातो. भंडारा-गोंदियाच्या भातपट्ट्यात ती शीळ ऐकली की वर बघायचं, थवा दिसेपर्यंत आवाज पुढे गेलेला असतो.

म्हणून एकाच जागेला दोन वेळा भेट द्या: एकदा दुपारी, एकदा सूर्यास्ताच्या आधी अर्धा तास. संध्याकाळी थवे कोणत्या दिशेने उठतात ते बघा. त्या दिशेला, बहुतेक वेळा काही किलोमीटरांतच, त्यांचं ताट असतं. दुसऱ्या दिवशी पहाटे तिथे जा, पण पक्षी उठायच्या आधी. ते परतायला लागतात उजाडतानाच.

निघण्याआधी नकाशा उघडा

गूगल अर्थवर जुनी उपग्रहचित्रं बघता येतात. ज्या तलावावर जायचं त्याचं एप्रिल-मेमधलं, पाणी सर्वांत कमी असतानाचं चित्र शोधा. धरणाचा तळ उघडा दिसेल: जुन्या नदीचं वळणदार पात्र, त्याच्या बाजूची सपाटी, शेतांचे जुने बांध. नदीचं पात्र म्हणजे खोल, ते सोडा. सपाटी म्हणजे पाणी उतरताना गुडघाभर होणारी जागा. तिथे खूण करा.

मग धरणाचा पाणीसाठा बघा. उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी आहे, आणि त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा, म्हणजे टक्केवारीत न धरलेलं तळाचं पाणी. म्हणून सोलापूर-पुण्याकडचे लोक उन्हाळ्यात 'उजनी मायनसमध्ये गेली' म्हणतात. टक्केवारी आणि तुम्हाला दिसलेले पक्षी दोन्ही वहीत लिहीत गेलात तर दोन हंगामांत तुमच्या जागेचं गणित तयार होतं. माझ्या वहीतल्या एका खाडीत भिगवणच्या बाजूला साठा अमुक एका आकड्याखाली आला की तलवार बदकं येतात. आकडा सांगत नाही, तुमची खाडी वेगळी असेल.

जागा निवडायला सोप्या आणि नवख्याला मानवणाऱ्या अशा दोन-तीन सुचवतो. नाशिक जिल्ह्यातलं नांदूरमध्यमेश्वर, गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं. तिथला बंधारा गाळाने उथळ झाला, आणि अभियंत्याचं ते दुखणं बदकांच्या पथ्यावर पडलं. २०२० साली ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. उजनीवर भिगवणजवळची कुंभारगाव, डिकसळ ही गावं. पैठणचा नाथसागर, त्याच्या पसरट काठांसाठी.

काठावर पोहोचल्यावर

लगेच दुर्बीण उचलू नका. आधी काठ वाचा.

पाण्यावर तुटलेल्या, उपटलेल्या वनस्पती तरंगत कडेला लागल्या आहेत का? मग रात्री इथे जेवण झालंय. गवतावर हिरवट, लांबट विष्ठा पडली आहे का? हंस किंवा चक्रवाक चरून गेलेत. गाळात चोचीच्या छोट्या छोट्या खळग्यांच्या रांगा? चक्रांगांचं काम. पाणी हिरवट, दाटसर आहे आणि वासही येतोय? तोंड वाकडं करून परत फिरू नका. सांडपाण्याने पोसलेल्या पाण्यात सूक्ष्म जीव आणि अळ्या भरपूर असतात. पुण्याजवळ कवडीपाटला मुळा-मुठेच्या घाणेरड्या पाण्यातही थापटे आणि चक्रवाक दिसतात ते यामुळे. नदीसाठी ही काही चांगली बातमी नाही. थापटे वाढले आणि लालसरी गेली, तर समजा पाणी गढूळ झालं आणि तळाची हिरवळ मेली.

खडीचा, बारीक रेतीचा काठही बघून ठेवा. बदकाला दात नाहीत. ते खडे गिळतं आणि पोटातल्या पेषणीत त्यांच्याकडून दाणे दळून घेतं. या सवयीची किंमत अमेरिकेतल्या बदकांना मोजावी लागली. शिकाऱ्यांच्या काडतुसांतले शिशाचे छर्रे तळाशी साठत, बदकं ते खडे समजून गिळत आणि विषबाधेने मरत. म्हणून १९९१ पासून तिथे पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे देशभर बंद आहेत. तिथल्या कायद्याला जेवणाचं महत्त्व आणखी एका बाबतीत कळलेलं आहे: शिकार कायदेशीर असली तरी दाणे टाकून बदकांना बोलवायचं आणि मग बंदूक चालवायची, हा गुन्हा आहे.

बसायची जागा अशी निवडा की सूर्य पाठीशी आणि आपण झुडपाच्या किंवा बांधाच्या आडोशाला. जेवणाऱ्या थव्यापासून अंतर जास्त ठेवा. झोपलेलं बदक उठून चार हात पलीकडे जातं. जेवताना उठवलेला थवा ती पंगतच सोडतो, आणि हिवाळ्याच्या शेवटी त्याला परतीच्या प्रवासासाठी चरबी साठवायची असते. होडी घेतली असेल तर होडीवाल्याला 'अजून जवळ घ्या' म्हणू नका. तो बिचारा पैशांसाठी घेईलही.

गवत फार झालं तरी पंचाईत

खायला भरपूर म्हणजे बदकं भरपूर, असा सरळ हिशेब मांडू नका. भरतपूरला १९८२ साली म्हशींची चराई बंद केली, हेतू चांगलाच. पण म्हशी जे पाणगवत खाऊन मोकळं ठेवत होत्या ते माजलं, उघडं पाणी झाकलं गेलं आणि बदकांना उतरायला, पोहायला जागा कमी पडू लागली. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या अनेक वर्षांच्या अभ्यासातून हे पुढे आलं. बदकाला हिरवं हवं आणि मोकळं पाणीही हवं, दोन्ही शेजारी शेजारी.

आपल्याकडे हाच प्रकार जलपर्णी आणि बेशरम हे पाणथळ जागी माजणारं झुडूप करतात. जलपर्णीचा हिरवा गालिचा लांबून भरलेल्या ताटासारखा दिसतो, पण त्याखाली ऊन जात नाही आणि तळाचं सगळं मरतं. गालिच्याच्या मध्यावर वेळ घालवू नका. तो जिथे संपतो ती कड बघा. विदर्भातल्या माजी मालगुजारी तलावांत, ज्यांना तिकडे मामा तलाव म्हणतात, काही ठिकाणी गावच्या बायकांनी आणि मच्छीमारांनी बेशरम उपटून, तळ नांगरून स्थानिक पाणवनस्पती हाताने लावल्या आहेत. त्यांना मासे हवे होते. पण माशांना जे लागतं त्यातलं बरंचसं बदकांनाही लागतं.

दोन गोष्टी करू नका

पाव, फरसाण, शिळी पोळी टाकू नका. पावाने पोट भरतं, पोषण होत नाही. उरलेला सडतो, आणि पक्षी माणसाजवळ यायला शिकतो. सगळीच माणसं दुर्बीणवाली नसतात.

मेलेले पक्षी दिसले तर हात लावू नका. नोव्हेंबर २०१९ मध्ये राजस्थानच्या सांभर सरोवरावर हजारो पाणपक्षी बॉट्युलिझम या जिवाणूजन्य विषबाधेने मेले. मेलेल्या पक्ष्यांवर अळ्या पडतात, त्या अळ्यांत विष साठतं, त्या खाऊन पुढचे पक्षी मरतात. म्हणजे तिथे अन्नच मरण होतं. पंख लुळे पडलेले किंवा मेलेले तीन-चार पक्षी एकत्र दिसले, किंवा काठावर जाळी लावलेली, संशयास्पद दाणे पसरलेले दिसले, तर वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवा. फोटो काढा, ठिकाण पाठवा, आणि तिथून बाजूला व्हा.

पहिल्या फेरीला फार मोठा बेत नको. घराजवळचा एकच तलाव घ्या. वहीत पाच रकाने आखा: तारीख, वेळ, पाणी कुठवर (घोटा, गुडघा, कंबर), पाण्यात काय उगवलंय, कोण काय करत होतं. पक्ष्याचं नाव आलं नाही तर 'उलटा होणारा, लहान, तपकिरी' एवढं लिहा, नाव पुढच्या महिन्यात सापडेल. आणि काठावर एखादा म्हातारा जाळं विणत बसला असेल, तर दुर्बीण ठेवून त्याच्याशेजारी बसा.